ओरिनचे दात

'द बॅलड ऑफ नारायामा' हा जपानी चित्रपट आपल्याला आवडला नाही, असं चारचौघांत म्हणणं अवघडच आहे. शोहेई इमामुरा यांच्या या चित्रपटाला १९८३ साली कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. फिल्म सोसायटीतल्या जाणकार मंडळींचा तो लाडका आहे. रसास्वादाच्या वर्गांत तो दाखवतात आणि वृद्धांच्या प्रश्नांवरच्या शिबिरांतही कधीमधी लावतात. अशाच एका शिबिरात मी तो मध्यंतरी पुन्हा पाहिला. नंतरच्या चर्चेत जो तो बोलला ते म्हातारीच्या शांतपणाबद्दल, तिच्या त्यागाबद्दल, डोंगरातल्या साध्या माणसांच्या निसर्गाशी असलेल्या नात्याबद्दल. एक बाई तर म्हणाल्या, "आपल्यालाही असं वेळेवर उठून जाता आलं पाहिजे." त्यावर बऱ्याच माना डोलल्या. त्यांत आपल्याच संघटनांमधल्या कार्यकर्त्या होत्या.

मैत्रिणींनो, माझं भांडण चित्रपटाशी थोडं आणि या डोलणाऱ्या मानांशी जास्त आहे. एखाद्या बाईनं हसतमुखानं मरणाकडे चालत जावं आणि आपण तिला नमस्कार करावा, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. ती सुटावी म्हणून तर आपण चळवळीत आलो. मग जपानी डोंगर आणि पडद्यावरचा बर्फ दिसला की ती परत कशी येते?

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा सांगते. काळ साधारण एकोणिसाव्या शतकातला. जपानच्या डोंगराळ मुलखातलं एक गाव. जमीन थोडी, हिवाळा लांब, पोटभर अन्न कुणालाच नाही. म्हणून गावाचा नियम असा, की सत्तरी गाठली की म्हाताऱ्या माणसानं नारायामा डोंगरावर जायचं. मुलानं पाठीवर बसवून न्यायचं आणि तिथे एकटं सोडून परत यायचं. वाटेत बोलायचं नाही, परतताना मागे वळून पाहायचं नाही. ओरिन ही एकोणसत्तर वर्षांची विधवा. हातीपायी धडधाकट, घरातली सगळ्यांत कामाची बाई. ती स्वतःच जायची तयारी करते. तात्सुहेई या विधुर मुलासाठी दुसरी बायको आणते. कुठल्या ओहोळात हातानं मासे मिळतात ते नव्या सुनेला दाखवून ठेवते. आणि हिवाळ्यात मुलाच्या पाठीवर बसून निघते. डोंगरावर तिला सोडल्यावर बर्फ पडू लागतो, तो शुभशकुन मानायचा. मुलगा नियम मोडून धावत मागे येतो, पण ती हातानंच त्याला परत पाठवते. बर्फात हात जोडून बसलेली म्हातारी, हे दृश्य पाहून डोळ्यांत पाणी न येणारं माणूस विरळा. माझ्याही आलं.

पण त्या पाण्यानं मधली बरीच दृश्यं धुऊन जातात. ती आधी पाहू.

दात धड असल्याची लाज

ओरिनचे सगळे दात शाबूत आहेत. इतकं वय झालं तरी दात असणं म्हणजे अजून भरपूर खाणं, आणि म्हातारीनं भरपूर खाणं ही गावात लाजेची गोष्ट. तिचा मोठा नातू केसाकिची तिच्या दातांवर चिडवणारी गाणी म्हणत हिंडतो. शेवटी ओरिन दगडावर तोंड आपटून स्वतःचे पुढचे दात पाडते आणि रक्ताळलेलं तोंड घेऊन लोकांना दाखवते, की पाहा, मीही म्हातारी झाले.

चर्चेत या दृश्याला 'मृत्यूची तयारी' म्हटलं गेलं. मला ते शरीरावरचा जुलूम म्हणून दिसतं. तिचं निरोगी शरीर हाच तिच्यावरचा आरोप आहे आणि त्याची शिक्षा तिनं स्वतःच्या हातानं भोगायची आहे. गावातल्या एकाही माणसाला तिच्यावर हात उचलावा लागत नाही. टोमणे पुरतात.

पडद्यामागची गोष्टही ऐका. ओरिनची भूमिका करणाऱ्या सुमिको साकामोतो यांनी या दृश्यासाठी आपले खरे दात काढून घेतले, असं या चित्रपटाबद्दल सांगितलं जातं, आणि ते नेहमी कौतुकानं सांगितलं जातं. काय निष्ठा! साकामोतो यांचा जन्म १९३६ चा. मुलाचं काम करणारे केन ओगाता १९३७ चे. म्हणजे 'आई' मुलाहून वर्षानंही मोठी नाही. शेहेचाळिशीतल्या बाईनं सत्तरीची म्हातारी व्हायचं आणि तिच्याच वयाच्या पुरुषानं तिचा मुलगा. हे फक्त जपानी सिनेमात होतं असं नाही, आपल्याकडच्या पडद्यावरच्या आया आठवून पाहा. बाईला लवकर म्हातारं ठरवणं गावाच्या नियमात आहे आणि सिनेमाच्या धंद्यातही आहे.

कोण खुशीनं जातं आणि कोण नाही

नियम सगळ्यांना सारखा आहे, बाईला वेगळा नाही, असं एका गृहस्थांनी मला ऐकवलं. नियम सारखा आहे हे खरं. पण तो पाळतं कोण?

या चित्रपटात दोन पुरुष नियमाला नाही म्हणतात. एक शेजारचा म्हातारा माता. त्याला मरायचं नाही. तो भुकेला हिंडतो, रडतो, शेवटपर्यंत झगडतो. त्याचा मुलगा त्याला दोरीनं बांधून नेतो आणि दरीत ढकलतो. दुसरा ओरिनचा नवरा. त्याला आपल्या आईला डोंगरावर नेववलं नाही. त्यानं मन घट्ट केलं नाही म्हणून घराची अब्रू गेली, असं सगळे मानतात, आणि पुढे कळतं की त्या भांडणात तात्सुहेईनंच बापाला मारलं होतं. म्हणजे आईला जगू द्यावं असं वाटणारा एकमेव माणूस कथा सुरू होण्यापूर्वीच संपवलेला आहे. आणि ओरिन या नवऱ्याची लाज धुऊन काढण्यासाठी अधिकच हौसेनं डोंगर चढते.

प्रेक्षकांना माता भित्रा वाटतो आणि ओरिन थोर. मला तर माता या सबंध गावातला सगळ्यांत शहाणा माणूस वाटतो. जगायचं आहे, असं तो मोठ्यानं म्हणतो. ओरिनला तसं म्हणायची मुभाच नाही. बाईनं जगण्याची इच्छा दाखवली तर ती हावरी, आणि मरण्याची दाखवली तर देवी. या दोहोंत तिनं दुसरं निवडलं, तर त्याला निवड म्हणायचं का?

गावातल्या बाकीच्या बायकांकडेही पाहा. चित्रपटाच्या सुरुवातीलाच बर्फ वितळल्यावर शेतात तान्ह्या मुलाचं प्रेत सापडतं. तक्रार होते ती माझ्या शेतात का टाकलं एवढीच. मुली मात्र मारत नाहीत, कारण मुलगी विकता येते. मीठ विकणारा व्यापारी गावात येतो तो मुलीही घेऊन जातो. ओएई नावाच्या बाईचा नवरा मरताना सांगून जातो, की घराण्यावरचा शाप उतरवायला तू गावातल्या एकेका तरुणाबरोबर एकेक रात्र झोप. शाप पुरुषांच्या करणीचा, फेडायचा बाईच्या अंगानं. अंगाला वास मारतो म्हणून धाकट्या मुलाजवळ कुणी येत नाही, तेव्हा ओरिन आपल्या एका वृद्ध मैत्रिणीला त्याच्यासाठी राजी करते. हे प्रसंग चित्रपटगृहात हशा पिकवतात. हसणाऱ्यांनी एकदा त्या मैत्रिणीच्या जागी बसून पाहावं.

चांगली सासू

आता सगळ्यांत अवघड प्रसंग. केसाकिचीनं मात्सु नावाची मुलगी घरात आणली आहे. ती पोटुशी आहे. तिच्या माहेरच्यांनी लोकांच्या घरातलं धान्य चोरल्याचं उघडकीला येतं. गाव ठरवतं की ते कुटुंबच्या कुटुंब पोराबाळांसकट जिवंत पुरायचं. त्या रात्री ओरिन मात्सुच्या हातात खाणं देते आणि म्हणते, जा, माहेरी देऊन ये. काय होणार आहे ते ओरिनला ठाऊक आहे. मात्सु पोटातल्या बाळासह त्या खड्ड्यात जाते. थोड्याच दिवसांत केसाकिची दुसरी बाई आणतो.

ज्या ओरिनला आपण त्यागाची मूर्ती म्हणतो, तिनंच थंडपणे एका गरोदर पोरीला मरणाच्या दारात पाठवलं. चर्चेत या प्रसंगावर कुणी चकार शब्द काढला नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तिनं घराचा विचार केला." अगदी बरोबर. घराचा विचार करणाऱ्या बाईनं दुसऱ्या बाईचा जीव घ्यावा, हे आपण रोज पाहतो. हुंडाबळीच्या प्रकरणांत सासूचं नाव येतं तेव्हा 'बाईच बाईची वैरी' असं म्हणून लोक हात झटकतात. पण ओरिननं नियम केलेला नाही. धान्याचा हिशेब तिच्या हाती नाही, ना कोणाला पुरायचं हे ठरवणारी बैठक. तिला फक्त अंमलबजावणी दिली आहे, आणि ती तिनं इतकी चोख केली की पुढच्याच हिवाळ्यात तोच नियम स्वतःवरही चालवला. पितृसत्ता चालते ती अशा कर्तबगार बायकांच्या जिवावर. तिच्या त्यागाचं आणि तिच्या क्रौर्याचं मूळ एकच आहे. एकाला हार घालायचा आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करायची, असं करता येणार नाही.

म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडण्याच्या दंतकथेला जपानीत 'उबासुते' किंवा 'ओबासुते' म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी 'म्हातारीला टाकून देणं' असा आहे. म्हाताऱ्याला नव्हे, म्हातारीला. दहाव्या शतकातल्या 'यामातो मोनोगातारी' या कथासंग्रहात ही गोष्ट आहे. त्यात एक माणूस आपल्याला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीला डोंगरावर टाकून येतो, का, तर बायकोनं कान भरले म्हणून. रात्रभर त्याला झोप येत नाही आणि तो तिला परत आणतो. हजार वर्षांपूर्वीच्या कथेतही टाकली जाते ती म्हातारी, दोषी ठरते ती सून आणि पश्चात्ताप करून मोठा होतो तो पुरुष. आपल्याकडच्या कौटुंबिक मालिका आणि काय वेगळं दाखवतात?

डोंगराच्या माथी

'हा निसर्गाचा नियम आहे', हे वाक्य मी त्या चर्चेत निदान पाच वेळा ऐकलं. त्याला इमामुरा यांनी वावही दिला आहे. माणसांच्या प्रसंगांमध्ये ते साप, बेडूक, पक्षी यांची दृश्यं घालतात. प्राणी जुगतात, एकमेकांना खातात, आणि माणसंही तशीच. त्यांची नजर भाबडी नाही, हे मला मान्य आहे. गावाला त्यांनी गोंडस केलेलं नाही. प्रेताचे सांगाडे आणि कावळे त्यांनी लपवलेले नाहीत. पण सापानं उंदीर गिळणं आणि गावानं सत्तरीचा नियम करणं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नियम कुणी केला हा प्रश्नच उरत नाही. सापाला कोण जाब विचारणार?

या गावात अन्न कमी आहे. का कमी आहे? चित्रपट म्हणतो, डोंगर आहे, थंडी आहे. पण त्या काळातल्या जपानी शेतकऱ्याच्या पिकातला मोठा हिस्सा तांदळाच्या रूपानं सरंजामदाराकडे जात होता आणि तो भरण्याची जबाबदारी सबंध गावावर असे. मेइजी राजवटीनं १८७३ मध्ये त्याऐवजी रोख शेतसारा लावला. चित्रपटात वसुलीला कुणी येत नाही, सावकार दिसत नाही. घेणाऱ्याला चित्रातून पुसून टाकलं की उरतात ती खाणारी तोंडं, आणि मग कुठलं तोंड कमी करायचं एवढाच प्रश्न उरतो.

आणि हा रिवाज तरी खरा होता का? म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडण्याची सार्वत्रिक प्रथा जपानात होती याला इतिहासात भक्कम आधार नाही, अभ्यासक ती बहुतांशी दंतकथाच मानतात. शिचिरो फुकाझावा यांनी १९५६ साली तिच्यावरून कथा लिहिली. १९५८ मध्ये केइसुके किनोशिता यांनी तिच्यावर काबुकी नाटकाच्या थाटाचा चित्रपट केला आणि पंचवीस वर्षांनी इमामुरा यांनी हा केला. मात्र तान्ह्या मुलांना मारणं आणि मुलींना विकणं या गोष्टी खऱ्या घडत होत्या. बालहत्येला जपानीत 'माबिकी' हा शब्दच होता, भाताच्या शेतातली रोपं विरळ करतात त्यावरून आलेला. म्हणजे जे घडलं ते चित्रपटात ओझरतं येतं, आणि जे घडल्याचा पुरावा नाही ते पाहून आपण रडतो.

'तिची स्वतःची इच्छा होती'

हे सगळं जपानचं, दीडशे वर्षांपूर्वीचं, त्याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. सांगते.

४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानात देवराला इथे अठरा वर्षांच्या रूपकंवरला नवऱ्याच्या चितेवर जाळलं. लाखो लोक तिथे चुनरी घेऊन गेले, आणि सगळ्यांचा युक्तिवाद एकच होता : ती आपल्या इच्छेनं बसली. त्या वेळी देशभरातल्या स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. सतीप्रतिबंधाचा नवा कायदा झाला. त्यात सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवलं. हे कलम आपण मागून घेतलं, कारण कौतुकानंही माणूस मरतं हे आपल्याला समजलं होतं. उदात्तीकरणाच्या खटल्यातले उरलेले आठ आरोपी २०२४ मध्ये निर्दोष सुटले. देवराल्याच्या वेळी आपण जे बोललो तेच ओरिनबद्दल बोलायला आपल्याला जड का जातं? परदेशी आहे म्हणून? पारितोषिक मिळालं आहे म्हणून?

माझं काम मराठवाड्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये आणि एकल बायकांमध्ये आहे. ओरिन दगडावर दात आपटते तेव्हा मला बीड जिल्हा आठवतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा पडला की दंड. पाळीच्या दिवसांत फडात जाणं, उघड्यावर बसणं, कोपीत पाणी नसणं, अंगावरून जाणं, याला कंटाळून आणि खाजगी दवाखान्यांनी घातलेल्या कॅन्सरच्या भीतीनं बायका 'पिशवी' काढून घेतात. २०१९ साली राज्य सरकारनं समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यांतल्या कितीतरी जणी तरुण होत्या. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतली प्रत्येक जण म्हणाली, "मीच म्हटलं डॉक्टरला, काढून टाका." कागदावर सही किंवा अंगठा तिचाच असतो.

कामाच्या आड येणारा अवयव बाईनं स्वतःहून काढून टाकायचा. ओरिनचे दात आणि या बायकांची पिशवी यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे बाई 'तयार' आहे. दोन्हीकडे तिला तयार कुणी केलं हे विचारलं जात नाही. फडावर संडास आणि पाणी देणं, खाड्याचा दंड बंद करणं हे मुकादमाला आणि कारखान्याला महाग पडतं. बाईची पिशवी स्वस्त पडते.

आणि म्हाताऱ्या? त्यांच्यासाठी आपल्याकडे डोंगर लागत नाही, चूल पुरते. "मला आता काय लागतंय, चतकोर भाकरी पुरे", हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी आधी भाकरीच्या दुरडीकडे पाहते. आयुष्यभर शेवटी जेवलेली बाई म्हातारपणी आणखी कमी जेवते, आणि घर तिला 'समाधानी' म्हणतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. याच बायका पुढे साठीत आणि सत्तरीत पोचतात. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. प्रांताकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, टाकून देणाऱ्याला शिक्षाही आहे. पण माझ्या भागातल्या म्हाताऱ्या अर्ज करत नाहीत. "पोराला कचेरीत ओढू? माझे किती दिवस राहिलेत?" असं म्हणतात. डोंगरावरून मुलाला हातानं परत पाठवणारी ओरिन आणि ही बाई एकाच मुशीतल्या आहेत. फरक एवढाच, की हिच्यावर कुणी चित्रपट काढलेला नाही.

जपानातही ही गोष्ट संपलेली नाही. २०२२ मध्ये चिए हायाकावा या दिग्दर्शिकेनं 'प्लॅन ७५' नावाचा चित्रपट केला. त्यात सरकारच पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मरणाची 'योजना' देऊ करतं. फॉर्म भरायचा, थोडी रक्कम मिळते, गोड बोलणारे कर्मचारी असतात. कथेच्या मध्यभागी आहे ती काम सुटलेली, एकटी राहणारी वृद्ध बाई. इथे डोंगर नाही, बर्फ नाही, म्हणून हातही जोडले जात नाहीत. आपण 'नारायामा' दाखवतो तेव्हा त्याच्या शेजारी हा दाखवला तर कौतुकाचा उमाळा बराच ओसरेल.

डोंगर चढलेल्या दुसऱ्या बायका

पारंपरिक डोंगरी जीवन पाहायचंच असेल तर त्याच मुलखातल्या खऱ्या बायकांचं पाहू. मेइजी काळात कच्चं रेशीम ही जपानची मोठी निर्यात होती, आणि ते काढत होत्या डोंगरातल्या गरीब घरांतल्या मुली, बारा-तेरा वर्षांपासूनच्या. आईबापांनी कारखान्याकडून आगाऊ पैसे घेतलेले असत. आपल्या ऊसतोडवाल्यांना ही उचल ओळखीची वाटेल. हिदा भागातल्या मुली १,६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड बर्फातून पायी ओलांडून ओकायाच्या गिरण्यांत जात. १९०९ साली मासाई मिने ही वीस वर्षांची कामगार तिथे आजारी पडली. निरोप आल्यावर भाऊ आला आणि तिला पाठीवर घेऊन घराकडे निघाला. खिंडीत, आपला मुलूख नजरेच्या टप्प्यात आल्यावर ती गेली. शिगेमी यामामोतो यांनी १९६८ मध्ये या मुलींवर पुस्तक लिहिलं. १९७९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. पुरुषाच्या पाठीवर बसून डोंगर चढणारी बाई याही कथेत आहे. पण भाऊ तिला मरायला नेत नव्हता, घरी आणत होता. आणि तिला कुणी मारलं याचं उत्तर 'निसर्ग' असं देता येत नाही. गिरणीचा मालक होता, पगाराचं पुस्तक होतं, परदेशी बाजार होता.

आणखी एक गोष्ट. फुकाझावा यामानाशी प्रांतातले. त्याच प्रांतात कोफू शहर आहे. तिथे जून १८८६ मध्ये गिरणीमालकांनी एकजूट करून कामाचे तास वाढवले आणि मजुरी कापली. तेव्हा अमामिया गिरणीतल्या शंभरावर कामगार मुली काम टाकून बाहेर पडल्या आणि एका देवळात जाऊन बसल्या. मालकांना काही दिवसांतच नमतं घ्यावं लागलं. जपानच्या औद्योगिक इतिहासातला हा पहिला संप मानतात, आणि तो बायकांनी केला. काळ तोच, मुलूख तोच, गरिबी तीच. तरी तिथल्या बायका सगळ्या निमूट डोंगर चढल्या नाहीत. काही जणी देवळात बसून 'नाही' म्हणाल्या. जगाला ओरिन पाठ आहे आणि या शंभर जणी माहीत नाहीत, हा योगायोग नाही.

'नारायामा' दाखवू नका असं मी म्हणत नाही. बंदीची भाषा आपली नव्हे. दाखवा, पण शेवटच्या बर्फावर दिवे लावून टाळ्या घेऊ नका. मात्सुच्या प्रसंगापाशी थांबवा आणि विचारा, हे कुणी ठरवलं? धान्य कुणाच्या ताब्यात आहे? बैठकीत किती बायका आहेत? माता ओरडतो ते आपल्याला लाजिरवाणं का वाटतं? आणि मग शिबिरातल्या बायकांना आपापल्या घरच्या म्हातारीचं कालचं ताट आठवायला सांगा. त्यात काय होतं, किती होतं, ती कितव्यांदा जेवली. माझ्या गटांत आम्ही हे करून पाहिलं आहे. पहिल्यांदा कुणी बोलत नाही, मग एकजण बोलते आणि तासभर थांबत नाही. गेल्या वर्षी त्यातून निर्वाहाचे सात अर्ज प्रांताकडे गेले. त्यांतल्या एका आजीनं अर्जावर अंगठा दिला आणि विचारलं, "यातनं मला दोन वेळचं मिळंल का?" मिळालंच पाहिजे, आणि तिनं ते दातांनी चावून खाल्लं पाहिजे.